आधी छाप, मग प्रत

बाळा,

माळ्यावरचा पितळी डबा खाली काढला आणि आत राणीछाप रुपये निघाले, हे सांगताना तुझा आवाज फोनवरही फुललेला कळत होता. लगेच विचारलंस, "आत्या, यांचे किती येतील?" ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पण त्याआधी एक काम आजच्या आज कर. धनत्रयोदशी तोंडावर आली आहे. तुझी आई चांदीची भांडी काढेल, चिंच भिजत घालेल, आणि एवढी काळी नाणी लक्ष्मीपुढे कशी मांडायची म्हणून तो डबा परातीत उपडा करेल. तिला माझं नाव सांग आणि थांबव. पूजेला दोन अगदी झिजलेले रुपये काढून दे. बाकीच्यांना चिंच नाही, रांगोळी नाही, दंतमंजन नाही आणि चांदी उजळायचं बाटलीतलं पाणीही नाही.

इतकं निक्षून सांगते, कारण ते पाप माझ्या हातून झालेलं आहे. मी नववीत होते. नाशिकच्या सराफ बाजारात अण्णांची, म्हणजे तुझ्या आजोबांची, पेढी होती. दिवाळीच्या आदल्या दिवशी कपाटातले एकतीस रुपये मी घरी आणले, चिंच आणि रांगोळीने लख्ख घासले आणि ताटात मांडून अण्णांची वाट बघत बसले. अण्णा आले, ताटाकडे बघून खाली बसले. ओरडले नाहीत. जेवण झाल्यावर मला पेढीवर घेऊन गेले, दिवा लावला आणि दोन रुपये पुढ्यात ठेवले. दोन्ही एकाच सालचे, एक मी घासलेला आणि एक तिजोरीत राहिलेला. म्हणाले, "कडेला धर आणि दिव्याखाली हळूहळू कलव."

तिजोरीतला रुपया कलवला तशी उजेडाची एक पट्टी त्याच्यावरून चाकाच्या आऱ्यासारखी फिरली. राणीच्या चेहऱ्यामागून निघाली, अक्षरांवरून गेली आणि परत फिरून आली. घासलेला रुपया कलवला, तर चकाकी जागच्या जागी. स्टीलच्या वाटीसारखी. मग त्यांनी भिंग दिलं. घासलेल्या रुपयावर केसासारखे बारीक ओरखडे होते, सगळे गोल गोल. माझा अंगठा जसा फिरला होता तसेच. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, तिने काम चोख केलं होतं.

ती फिरणारी पट्टी म्हणजे काय, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ठसा चांदीवर जोरात आदळतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि सरकताना डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा मागे ठेवतो. उजेड त्या रेघांवरून धावतो. त्या एकदा गेल्या की जगातला कुठलाही कारागीर त्या परत आणू शकत नाही. नाण्यावरचा काळा थर हा गंज नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीची गाठ पडली की तो चढतो आणि खालच्या रेघा जशाच्या तशा राहतात. आपण तो थर घासून काढतो तेव्हा चांदीही घासून काढतो. म्हणून काळा रुपया बघून नाक मुरडू नकोस. निळसर, सोनेरी, जांभळट झाक असलेली नाणी तर मुद्दाम शोधणारे लोक आहेत.

आता डबा उघड. पलंगावर आईच्या जुन्या सुती साडीची चौपदरी घडी पसर, म्हणजे नाणं हातून सुटलं तरी फरशीवर पडणार नाही. हात साबणाने धुऊन कोरडे कर. नाणं दोन बोटांनी कडेला धरायचं, तोंडावर बोट टेकवायचं नाही. बोटाच्या घामाचा ठसा महिन्याभरात उमटतो आणि मग जात नाही.

माणसं काय करतात, सगळी नाणी एका ओळीत मांडतात आणि जे जास्त चकाकतं त्याला चांगलं म्हणतात. अण्णांचा नियम वेगळा होता: आधी छाप, मग प्रत. छाप बदलली की नाण्याचा उंचवटा बदलतो, आणि झीज नेहमी उंचवट्यावरच पहिली दिसते. विल्यमचा रुपया ज्या जागी झिजतो त्या जागी एडवर्डला काहीच नसतं. एकाच नजरेने दोघांची प्रत ठरवलीस तर दोघांवरही अन्याय होईल. म्हणून प्रतीचा विचार बाजूला ठेव आणि चेहऱ्यांप्रमाणे ढीग लाव.

पहिला ढीग कंपनीचा. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एक रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हेच वजन एक तोळा. आपल्याकडे वैद्य 'रुपयाभार सुंठ' सांगायचे ते याच नाण्याला ताजव्यात टाकून. त्या १८३५ च्या रुपयावर उघड्या डोक्याचा चौथा विल्यम आहे आणि त्याच्या नावापुढे चार हा आकडा चार उभ्या रेघांनी काढलेला आहे. त्याला चूक समजू नकोस, तो तसाच असतो. मान जिथे कापली आहे तिथे भिंगाने बघ. कुठे एक अक्षर खोल कोरलेलं असेल, कुठे दोन, कुठे एकच पण उठावाचं. ती टांकसाळीच्या अधिकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं. त्यावरून प्रकार वेगळे होतात आणि प्रकारांवरून भाव वेगळे होतात.

मग कोवळ्या वयाची व्हिक्टोरिया, मुकुट नसलेली, केस मागे बांधलेली. साल १८४०. इथे नवे संग्राहक हमखास चुकतात, कारण १८४० साल घातलेले रुपये दोन प्रकारचे आहेत. एकात तिचं नाव डोक्यावरून सलग कमानीसारखं जातं, दुसऱ्यात डोक्याने नाव दुभंगलेलं असतं, अर्धं डावीकडे, अर्धं उजवीकडे. दुसरा प्रकार पुढची कितीतरी वर्षं, १८६२ चं नाणं येईपर्यंत, त्याच सालाने पडत राहिला. काट्याच्या, म्हणजे चेहऱ्याच्या उलट, बाजूला जी वेल आहे तिची फळं मोज. सलग नावाच्या रुपयावर ती साधारण १९ असतात. दुभंगलेल्या नावाच्या रुपयावर कधी २८, कधी ३४, कधी ३५. एका संध्याकाळी निवांत बसून मोजलीस तर त्या एका सालातूनच तुझ्या डब्यात चार प्रकार निघतील.

साल का गोठवलं, हे आपल्या सराफी धंद्याशी जुळलेलं आहे. कंपनीच्या आधी जुन्या सालचा रुपया आणला की सराफ त्यावर बट्टा कापायचे, नव्या सालच्या रुपयाला पूर्ण भाव द्यायचे. बंगालमध्ये कंपनीने शाह आलम बादशहाच्या राज्याचं १९ वं वर्ष कायमचं कोरून ठेवलं, म्हणजे कोणतं नाणं जुनं आणि कोणतं नवं हे सराफाला सांगताच येऊ नये. गोठवलेल्या सालाची सवय पुढेही चालू राहिली. नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो ना, ते त्याच व्यवहारातून आलेलं. अण्णा हे सांगताना थोडे गंभीर व्हायचे. आपल्याच पूर्वजांनी तो बट्टा कापलेला होता.

दुसरा ढीग सर्वांत मोठा होईल, तो राणीचा. १८५८ मध्ये कंपनीकडून राज्य गेलं आणि १८६२ मध्ये नवा रुपया आला: डोक्यावर मुकुट, अंगावर जरीकाम केलेला अंगरखा. कंपनीच्या रुपयांवर काट्याच्या बाजूला जी फारसी ओळ होती ती गेली, फक्त इंग्रजी उरलं. हे १८६२ सालही १८७४ पर्यंत गोठलेलंच. पण मुंबईच्या टांकसाळीने सालाच्या वर-खाली बारीक ठिपके घालायला सुरुवात केली आणि त्या ठिपक्यांवरून खरं वर्ष काढता येतं असं संग्राहक मानतात. भिंगाशिवाय हे ठिपके धुळीचे कण वाटतात. नखाने खरवडायला जाऊ नकोस! १८७४ पासून दर वर्षाचं खरं साल येतं. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, तेव्हापासून नावापुढचा 'राणी' शब्द जाऊन 'सम्राज्ञी' आला. चेहरा तोच राहिला, म्हणून या दोघी एकाच ढिगात पडतात. त्यांना वेगळं कर. काट्याच्या बाजूला नक्षीत मुंबईचं 'बी' अक्षर दडलेलं असतं, कधी उठावाचं, कधी खोल. अंगरख्याच्या पुढच्या जरीपट्टीच्या नक्षीतही फरक आहेत. ते तू पुढे शिकशील.

जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. म्हणून १८९३ नंतरची काही वर्षं रुपये फार थोडे पडले. या वर्षांची नाणी दिसली तर वेगळ्या पुडीत ठेव.

तिसरा ढीग एडवर्डचा, त्याचा रुपया १९०३ ते १९१०. डोकं उघडं, मुकुट काट्याच्या बाजूला गेला आणि फारसी ओळ परत आली. त्यानंतर पाचवा जॉर्ज, आणि त्याच्या पहिल्याच वर्षी ती गाजलेली गोष्ट झाली. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावर जो हत्ती आहे त्याची सोंड आणि पाय आखूड निघाले आणि लोकांना त्यात डुक्कर दिसलं. गवगवा झाला, सरकारने नाणं मागे घेतलं, बाहेर न गेलेली नाणी वितळवली आणि १९१२ मध्ये लांब सोंडेचा नीट हत्ती आणला. बाजारात हा रुपया दाखवताना विकणारा आवाज खाली आणतो, इकडे-तिकडे बघतो. तू त्याला भुलू नकोस. नाणं देखणं आहे, मागणी आहे, पण ते आजही मिळतं. उत्तम प्रतीचा १९११ मिळणं मात्र खरोखर कठीण आहे.

पुढे पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी चणचण पडली की १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेकडून चांदी आणून रुपये पाडावे लागले. त्या वर्षांचे जॉर्जचे रुपये भरपूर सापडतील. त्यात काट्याच्या बाजूला तळाशी कमळाखाली ठिपका असला तर नाणं मुंबईचं, नसला तर कलकत्त्याचं.

शेवटचा ढीग सहाव्या जॉर्जचा. १९३८ आणि १९३९ चे रुपये जुन्या चांदीचे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. खोटी पाडणाऱ्यांना आवरण्यासाठी कडेलाही नवी रचना दिली, दात्यांच्या मधोमध कोरलेली एक खाच. १९४१ ते १९४३ मध्ये सरकारने जुन्या चांदीचे सगळे रुपये एकेक करून चलनातून काढले. लोकांनी परत द्यायचे ते दिले, आणि न दिलेले आपल्यासारख्यांच्या पितळी डब्यांत राहिले. १९४७ चा रुपया निकेलचा. त्याला लोहचुंबक चिकटतं आणि त्यावर वाघ आहे, तो या ढिगातला नव्हे.

आता प्रत.

विल्यम हातात घेतलास की कानावरच्या कुरळ्या केसांकडे बघ. तिथे बटा वेगवेगळ्या दिसल्या तर नाणं फार कमी फिरलं. बटा एकमेकींत मिसळल्या पण कान स्पष्ट असला तर मधली प्रत. कानही सपाट झाला तर खालची. १८४० च्या राणीला कानावरून मागे जाणारे केस आणि अंबाडा. मुकुटातल्या राणीला भुवई, गाल, मुकुटातले मणी, आणि सगळ्यांत बोलकं म्हणजे अंगरख्यावरचं जरीकाम. जरीच्या फुलांतले बारीक धागे मोजता आले तर तो रुपया उत्तम. फुलं दिसतात पण धागे नाहीत, तर मधला. फुलांच्या जागी गुळगुळीत उंचवटा, तर पुष्कळ हातांतून गेलेला.

एडवर्ड मात्र फसवा. ना मुकुट, ना जरी. सगळा चेहरा आणि दाढी. त्यामुळे बराच झिजलेला रुपयाही लांबून साजरा दिसतो, आणि माणसं त्याला हमखास एक पायरी वर चढवतात. त्याच्या कानावरचे केस आणि दाढीतल्या कुरळ्या रेघा भिंगाखाली धर. तिथे सपाट दिसलं तर बाकी कितीही रेखीव असो, पायरी खाली उतरव.

पाचव्या जॉर्जची परीक्षा घेणारा आहे तो हत्तीच. झग्यावर तो उंचावलेला, म्हणून लवकर झिजतो. पाठीची, कानाची आणि सोंडेची रेघ वेगळी दिसली तर नाणं चांगलं. नुसती काळपट टेंगळासारखी आकृती उरली तर मुकुटातले मणी बघायची गरजही नाही. अण्णा पहिल्यांदा हत्ती बघायचे, मग राजा.

सहाव्या जॉर्जच्या निम्म्या चांदीच्या रुपयांत वेगळाच घोळ आहे. युद्धाच्या काळात ठसे घाईघाईने चालवले गेले, त्यामुळे पुष्कळ नाणी जन्मतःच अर्धवट उमटलेली आहेत. मुकुट सपाट, भुवई पुसट. अशा वेळी ठोका हलका पडला की झीज झाली, हे ठरवायची युक्ती सोपी आहे. सपाट जागा उजेडात कलव. तिथे आजूबाजूसारखीच झळाळी असेल तर ठसा नीट पडला नाही. सपाट जागा राखाडी, मेणचट आणि आजूबाजूपेक्षा निस्तेज असेल तर ती झीज. हा फरक एकदा डोळ्यात बसला की आयुष्यभर उपयोगी पडतो. हे सांगताना अण्णा दोन रुपये शेजारी ठेवून मला एक-एक तास बसवायचे.

बाजारात शब्द इंग्रजीच चालतात: फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन, आणि न फिरलेल्याला यूएनसी. मोलाच्या नाण्यांसाठी १ ते ७० गुणांची मोजणीही आहे, ती १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी काढली होती आणि पुढे सगळीकडे पसरली. पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या संस्था नाणं तपासून, गुण देऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देतात. महागाच्या नाण्याला ते करावं. १९१८ च्या साध्या रुपयाला करायला गेलास तर खर्च नाण्यापेक्षा जास्त येईल.

माझी पद्धत सांगते. सकाळच्या उजेडात, खिडकीशी, मन शांत असताना प्रत ठरव. पेन्सिलने पुडीवर लिही आणि कोणाला विचारायच्या आधीच लिही. सहा महिन्यांनी पुडीवरचं न वाचता पुन्हा ठरव आणि मग ताडून बघ. पहिल्या वर्षी तू सगळ्यांना वर चढवलेलं असशील. आपल्या घरच्या नाण्याला तर माणूस हमखास चढवतो.

तुझ्या काही रुपयांच्या कडेला, बारा वाजतात त्या जागी, एक गाठ किंवा खरवडल्यासारखी जागा दिसेल. आपल्याकडे बायका हारांत रुपये ओवून घालायच्या. त्यांना कडी डाख देऊन जोडलेली असायची, नंतर विकताना ती काढली. चांगल्या राण्यांची यात फार नासाडी झाली. कडी काढून जागा गुळगुळीत करून वर काळपट रंग चढवणारे आहेत, म्हणून तिथले दाते बोटाच्या टोकाने चाचप. दाते मध्येच तुटले तर कडी होती हे नक्की. त्याला भाव कमी, पण टाकू नकोस. तुझ्या पणजीच्या गळ्यातला असू शकतो.

खोट्याची ओळखही करून घे. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आता स्वस्तात मिळतो. रुपया ११.६६ भरतो. फिरलेला असेल तर थोडा कमी. खूप कमी किंवा जास्त आला की थांब. नंतर वजनकाट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्यावर आण. रुपया बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला आणि काठाला टेकणार नाही, असा लोंबता धर. आकडा सुमारे १.१३ आला तर चांदी जुन्या कसाची. १९४० नंतरचा निम्म्या चांदीचा रुपया १.२२ च्या आसपास येतो. १.३० च्या वर गेला की ते जर्मन सिल्व्हर किंवा तसलंच काही. बाहेर काढून कापसाने नुसतं टिपायचं, चोळायचं नाही. खणखणीत वाजतो का हे बघायला फरशीवर आपटू नकोस. अण्णांच्या काळी बंदा रुपया असाच वाजवून घ्यायचे, पण त्यांना तो दुसऱ्या दिवशी खर्चायचा असे. आपल्याला कड जपायची आहे. बोटाच्या टोकावर तोलून लाकडी पेन्सिलीने हलकेच ठोकलास तरी आवाज कळतो.

१९३९ चा जुन्या चांदीचा रुपया फार दुर्मीळ. म्हणूनच १९३८ च्या शेवटच्या आठाचा नऊ केलेला असतो. डब्यात तो निघाला तर आनंदाने उडी मारू नकोस. शेवटच्या आकड्याच्या भोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, बाकीच्या आकड्यांभोवतीच्या जमिनीसारखीच आहे का, हे दहापट भिंगाखाली बघ. खरवडलेली असेल तर तिथे वेगळी चकाकी दिसते. ओतीव खोट्यावर जमिनीत बारीक फोड असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात आणि कडेच्या दात्यांतून एक शिवण गेलेली दिसते. मला स्वतःला एकदा एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने असाच ओतीव १८३५ दिला होता. वजन बरोबर होतं. शिवण मी घरी येऊन बघितली.

डब्यात एखादं जाड, वेडंवाकडं, फारसी अक्षरांचं नाणं निघालं तर ते बाजूला ठेव. चांदवडची होळकरांची टांकसाळ आपल्याच जिल्ह्यातली. तिथे शाह आलमच्या नावाचे रुपये हाताने ठोकले जायचे आणि टांकसाळीचं नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर' असं असायचं. त्या नाण्याला इंग्रजी रुपयाची मोजपट्टी लावू नकोस. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे मजकूर कधीच पूर्ण येत नाही. टांकसाळीचं नाव आणि साल किती आलं, हे तिथे झिजेपेक्षा महत्त्वाचं. त्यावर सराफांनी मारलेल्या बारीक खुणा असतील, त्या नाण्याच्या चरित्रातल्याच. राणीच्या गालावर मारलेली तशीच खूण मात्र नुकसान धरायची.

ठेवायचं कसं? रबरबँड अजिबात नको, त्यातलं गंधक चांदी काळी करतं, तीही पट्ट्यापट्ट्यांनी. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांतून वर्षा-दोन वर्षांत हिरवट चिकट थर सुटतो. तसा थर आधीच बसलेला असेल तर केमिस्टकडचं शुद्ध अ‍ॅसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणं त्यात बुडव. उघड्या हवेत, निरांजनापासून लांब. घासायचं काही नाही, नुसतं बुडवून काढायचं. नखांचं रंग काढायचं पाणी चालत नाही, त्यात तेल असतं. मायलर खिडकीच्या पुठ्ठ्याच्या चौकटी मिळतात, त्या घे. पिना लावल्यावर चिमट्याने दाबून सपाट कर, नाहीतर एका चौकटीची पीन दुसऱ्या नाण्याला ओरखडते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि दर महिन्याला बदल.

तुझी बहीण परदेशात आहे, तिला आठवण म्हणून दोन राण्या पाठवाव्यात असं तुझ्या मनात येईलच. पाठवू नकोस. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. तसंच गावाकडच्या घराचा पाया खणताना काही सापडलं तर ते १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. माळ्यावरचा डबा वेगळा, जमिनीतला हंडा वेगळा.

विकायची घाई करू नकोस. राणीच्या रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, निम्म्या चांदीच्यात ५.८३. साध्या सालच्या झिजलेल्या नाण्याला चांदीपेक्षा थोडंच जास्त मिळतं. तेवढ्यासाठी ते घालवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा एक दिवस माझ्याबरोबर अंजनेरीला चल, त्र्यंबकच्या रस्त्यावर. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८० मध्ये स्थापन केलेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था तिथे आहे. मुंबईला गेलास तर फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय बघ. चार तास उत्तम प्रतीची नाणी बघितलीस की घरी येऊन तुझ्या डब्यातल्या निम्म्या पुड्यांवरची प्रत तू स्वतःच खोडशील.

माझे ते एकतीस रुपये अजून माझ्याकडे आहेत. सुरुवातीला आरशासारखे होते, मग पिवळे पडले, आता एकसारखे करडे झाले आहेत. साठ वर्षांत त्यांतल्या एकावरही ती पट्टी परत फिरली नाही. दिवाळीनंतर ये. डबा डिकीत टाकू नकोस, मांडीवर घे, आणि नाणी एकमेकांवर वाजणार नाहीत अशी प्रत्येकाभोवती कागदाची घडी कर. वर्तमानपत्र नको, कोरा कागद घे. भिंग मी इथे पुसून ठेवते.

तुझी,
आत्या